साक्षरता वर्गातलं शिकवणं चांगलं आहे की नाही, हे तपासायचं कसं?

समन्वयक_गोवंडी

नमस्कार. गोवंडी, मानखुर्द आणि चेंबूरच्या वस्त्यांमध्ये प्रौढ साक्षरतेचे १४ वर्ग चालतात. वेळ दुपारी २ ते ४, आठवड्यातून पाच दिवस. एका वर्गात १० ते १२ जणी असतात. बहुतेक घरकाम करणाऱ्या, काही भाजी-मासळी विकणाऱ्या, काही साठीच्या पुढच्या. शिकवायला कॉलेजची मुलं-मुली आणि वस्तीतल्याच बारावी झालेल्या सहा ताई आहेत.

सध्या आमच्याकडे दोनच आकडे आहेत: हजेरीपट आणि 'उल्लास' या सरकारी प्रौढ साक्षरता कार्यक्रमाच्या चाचणीचा निकाल. दोन्ही चांगले दिसतात. पण उत्तीर्ण झालेल्या बऱ्याच जणी प्रवेशिका (वर्गातलं वाचायला शिकवणारं पुस्तक) बाजूला ठेवून दुसरा कागद हातात दिला की थबकतात. आता देणगीदारांनी 'शिकवण्याची गुणवत्ता' यावर अहवाल मागितला आहे, आणि आम्हालाही ते मनापासून समजून घ्यायचं आहे. बायांच्या गुणांपासून वेगळं काढून शिकवणं कसं तपासायचं? दोन पर्यवेक्षिका आहेत, प्रत्येक वर्गाला महिन्यातून एकदाच जाऊ शकतात. तेवढ्यात बसेल असं काही सुचवा.

फळा_खडू

निकालावरून शिकवणं कळत नाही याचं कारण चाचणीच्या रचनेतच आहे. ती १५० गुणांची असते, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०, आणि प्रत्येक भागात ३३ टक्के मिळाले की उत्तीर्ण. साक्षर झाल्याचं प्रमाणपत्र द्यायला ती पुरेशी आहे. पण काठावर सुटलेली आणि सहज वाचणारी, दोघी निकालात एकाच रकान्यात येतात. शिवाय सुरुवातीला कोण कुठे होतं हे त्यात नसतं. मुंबईत हा फरक फार मोठा पडतो. 'असाक्षर' म्हणून नाव घातलेल्यांत गावाकडे दुसरी-तिसरीपर्यंत शाळेत गेलेल्या पुष्कळ असतात. त्यांची अक्षरं गंजलेली असतात, पुसली गेलेली नसतात. त्या दोन महिन्यांत वाचू लागतात आणि श्रेय शिकवणाऱ्याला जातं. शेजारच्या वर्गात आयुष्यात पाटी न धरलेल्या बाया असतात आणि तिथली ताई तिप्पट राबूनही मागे पडलेली दिसते.

म्हणून पहिलं काम, वर्ग सुरू होताना पहिल्या आठवड्यातच प्रत्येकीची पायरी लिहून ठेवा. त्यासाठी 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' या मुलांच्या वाचनाच्या पाहणीतल्या पायऱ्या सोप्या पडतात: प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. त्या मुलांसाठी केलेल्या आहेत, म्हणून पायऱ्या घ्या, मजकूर घेऊ नका. 'ससा गवत खातो' हे पन्नाशीच्या बाईपुढे ठेवलं की ती मान खाली घालते.

दुसरं, दर दोन महिन्यांनी अनोळखी मजकूर वाचून घ्या. दोन पत्रकं पुरतात. पहिल्यात ५० शब्द, जोडाक्षर एकही नाही, काना-मात्रा-वेलांटी-उकार-अनुस्वार सगळे. दुसऱ्यात तितकेच शब्द, पण आठ-दहा जोडाक्षरं आणि रफार. मजकूर त्यांच्या दिवसातला, प्रवेशिकेतलं एकही वाक्य जसंच्या तसं नाही. एकेकीला बाजूला बसवून वाचायला द्यायचं, घड्याळ आपल्या मांडीवर, तिला दिसणार नाही असं. तिने काय वाचलं ते आपल्या प्रतीवर शब्दाच्या वर लिहायचं. 'चूक' अशी फुली मारायची नाही, कारण चूक कोणती हेच आपल्याला हवं आहे. शेवटी दोन प्रश्न विचारायचे, एक मजकुरात सरळ सापडणारा, एक दोन वाक्यं जोडून उत्तर द्यावं लागेल असा.

मापाला जुने निकष अजूनही उपयोगी आहेत. १९८८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय साक्षरता अभियानाने ठरवले होते: मोठ्याने वाचन मिनिटाला ३० शब्द, मनातल्या मनात ३५, बघून लिहिणं ७, श्रुतलेखन ५. म्हणजे ५० शब्दांचं पत्रक १०० सेकंदांच्या आसपास संपायला हवं. वेगाचा हट्ट कशासाठी, असं वाटेल. लोकलच्या इंडिकेटरवर नाव मराठी, हिंदी, इंग्रजी असं आळीपाळीने बदलत जातं. अक्षर-अक्षर लावून वाचणारीला 'अंबरनाथ'चा 'नाथ' लागेपर्यंत पाटी बदललेली असते. अक्षरं येतात, गाडी कुठली ते तरीही दुसऱ्याला विचारावं लागतं.

आता शिकवण्याबद्दल निष्कर्ष कुठून निघतो ते सांगतो. पत्रकं वर्गवार एकत्र ठेवा आणि चुका शेजारी शेजारी बघा. दहातल्या दोघीच 'घ' आणि 'ध' यांची गल्लत करत असतील, तर त्या दोघींना जास्त सराव हवा. दहातल्या आठ जणी पहिली वेलांटी-दुसरी वेलांटी गाळून 'पाणी'चं 'पाण' वाचत असतील, तर त्या वर्गात वेलांटीचा धडा उरकला गेला आहे. आणि आठ जणी पहिलं अक्षर बघून शब्द ठोकून देत असतील, 'भाकरी'च्या जागी 'भाजी', तर तिथे शब्द चित्रासारखे पाठ करून घेतले आहेत, अक्षरं फोडून दाखवलेली नाहीत.

पाठांतर पकडायची साधी युक्ती: प्रवेशिकेचं शिकवून झालेलं पान उघडा आणि शेवटच्या शब्दापासून उलट वाचायला सांगा. सरळ धडाधडा वाचणारी उलट वाचताना दर शब्दाला अडली, तर ती ओळ तोंडपाठ आहे. यात तिला ओशाळं वाटू देऊ नका. 'मावशी, हे मुद्दाम अवघड केलंय' असं आधीच सांगा.

मागचा_बाक

वरचं सगळं पटतं, पण पत्रकं झालेल्या नुकसानीची बातमी देतात. ते रोज कसं होतं हे वर्गात बसूनच दिसतं. चाळीस मिनिटं द्या, आणि फळ्याजवळच्या खुर्चीवर बसू नका. मागे, सतरंजीवर, बायांच्या रांगेत बसा. तिथून वही दिसते.

वर्ग सुरू होताना तीन जणी मनात निवडा: एक पुढची, एक मधली, एक कोपऱ्यातली. दर दोन मिनिटांनी मान वर करून तिघी काय करताहेत ते टिपा. स्वतः वाचते, लिहिते किंवा बोलते आहे का, फळ्यावरचं उतरवते आहे का, की नुसती थांबली आहे? चाळीस मिनिटांत ६० नोंदी होतात. स्वतः करण्याच्या नोंदी ३० पेक्षा कमी असतील तर शिकवणारी व्यक्ती कितीही गोड बोलत असो, वर्ग तिच्याच तोंडून चालला आहे. कोपऱ्यातलीच्या नोंदी वेगळ्या मोजा. बहुतेक वर्गांत पुढच्या तिघी-चौघी सगळी उत्तरं देतात आणि ताईला वाटतं की वर्गाला येतंय.

सामूहिक वाचन हा त्यातला सगळ्यात फसवा प्रकार. ताई म्हणते, बाया मागून म्हणतात, आवाज खोलीभर घुमतो. त्या वेळी पुस्तकांवरची बोटं बघा. बोट शब्दाबरोबर सरकतंय की पानाच्या मधोमध ठेवलेलं आहे? नुसते ओठ हलतात आणि बोट जागचं हलत नाही, अशा किती जणी ते मोजा.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट एकच आहे, आणि निरीक्षणाचं एकच कलम ठेवायचं झालं तर मी हेच ठेवेन: बाई अडली की शिकवणारी व्यक्ती काय करते. मनात पाचपर्यंत मोजा. तरुण स्वयंसेवक दोन मोजायच्या आत शब्द सांगून टाकतात. त्यात मायाच असते, मावशीची फजिती होऊ नये म्हणून. पण दिवसातून वीसदा असं झालं की मावशी शब्दाकडे न बघता पोरीच्या तोंडाकडे बघायला शिकते. चांगली शिकवणारी थोडी थांबते, मग शब्द झाकून पहिलं अक्षर उघडते, 'याला काना आहे का बघा' म्हणते, आधी येऊन गेलेला शब्द दाखवते. दहा अडण्या टिपा, त्यातल्या किती वेळा शब्द सरळ सांगितला आणि किती वेळा वाट दाखवली ते लिहा. हा आकडा मी बाकी सगळ्या आकड्यांच्या वर धरतो.

पेन्सिल कुणाच्या हातात आहे तेही बघा. पहिल्या आठवड्यात हात धरून गिरवणं ठीक. तिसऱ्या महिन्यातही ताईच हात धरत असेल तर बाईचा हात वळलेला नाही, आणि बँकेच्या स्लिपवर तो थरथरणारच.

वह्या: वर्ग सुटताना तीन वह्या मागून घ्या. एकच शब्द दहा ओळी लिहिलेलं पान काढा आणि चूक कितव्या ओळीत शिरली ते शोधा. समजा तिसऱ्या ओळीत 'दवाखाना'चा दुसरा काना गळला आणि दहाव्या ओळीपर्यंत 'दवाखना'च आहे. याचे दोन अर्थ निघतात. बाई फळ्यावरचं न बघता वरच्या ओळीचं बघून उतरवते आहे, आणि सात ओळी होईपर्यंत कुणी तिच्या वहीत डोकावलेलं नाही. खाली बरोबरची खूण असेल तर तपासणीही न वाचता झाली आहे. 'ख' या अक्षराचे 'र' आणि 'व' वेगळे पडले आहेत का, दोन शब्दांत जागा सुटते का, तेही त्याच पानावर दिसेल.

हातचा_एक

संख्याज्ञानाबद्दल थोडं, कारण ते नेहमी शेवटच्या दहा मिनिटांवर ढकललं जातं.

या बाया तोंडी हिशेबात तरबेज असतात. '८० रुपये किलो, पाव किलो घेतलं, ५०ची नोट दिली' म्हटलं की '३० परत' हे उत्तर वाक्य संपायच्या आत येतं. तीच बाई कागदावर १०० वजा ३७ करताना ७७ लिहिते, कारण शून्यातून ७ गेले तर ७ असं ती कसंतरी लावते, आणि दशकातला हातचा तिच्या लेखी नुसता मंत्र असतो. शिकवणारीने 'हे तोंडी किती होतं सांगा, मग लिहिलेलं बघा' असं म्हटलं का? ते म्हटलं असेल तर बाई स्वतःच ७७ खोडून ६३ करते. निरीक्षणात हा एक प्रसंग शोधा. तोंडी हिशेबाशी नातं न जोडता नुसती उभी गणितं घालणारा वर्ग बायांच्या हातातलं शहाणपण वाया घालवतो.

आकडे लिहून घेताना तीन सापळे ठेवा. 'पंचवीस' (कानावर पाच आधी पडतो, म्हणून ५२ लिहितात), 'एकोणसत्तर' ('सत्तर' ऐकून ७९ किंवा ७१), आणि 'तीनशे पाच' (३००५). वर्गातल्या बहुतेक जणी 'एकोणसत्तर'ला अडखळत असतील तर 'एकोण' म्हणजे एक उणा, हे कुणी फोडून सांगितलेलं नाही.

शिवाय मराठी आणि इंग्रजी आकडे. इंग्रजी नऊ मराठी एकासारखा दिसतो, मराठी पाच इंग्रजी चारासारखा. मोबाइलवर आणि औषधाच्या पट्टीवर इंग्रजी, प्रवेशिकेत मराठी. दोन्ही एकाच आठवड्यात शिकवले तर गोंधळ पक्का. आधी एक घट्ट, मग दुसरे, असा क्रम वर्गात ठरवलेला आहे का ते विचारा.

समन्वयक_गोवंडी

खूप मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी, आभार. तीन अडचणी येतील असं दिसतंय. एक, स्वयंसेवकांना ही झडती वाटेल आणि ते सोडून जातील. दोन, पाच वर्गांत बहुतेक जणींची बोली भोजपुरी किंवा हिंदी आहे. तीन, एका वर्गात सगळ्याच वयस्क आहेत, त्यांची प्रगती फार हळू आहे. त्या ताईंवर अन्याय होऊ नये.

रात्रशाळा_परळ

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे बहुधा शिकवण्याचा दोषच नसेल. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं. साठीच्या दहा बायांपैकी किती जणींकडे वाचायचा चष्मा आहे ते आधी मोजा. हातभर अंतरावर वर्तमानपत्राचा मजकूर धरायला सांगा. कागद लांब नेत असतील, डोळे बारीक करत असतील, डोकं दुखतं म्हणत असतील, तर आधी नेत्रतपासणी आणि चष्मा, मगच पत्रक. 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व' यांतला फरक एका रेघेचा असतो. ती रेघच दिसत नसेल तर शिकवणारी काय करणार? खोलीतला उजेडही बघा. चाळीतल्या आतल्या खोलीत ट्यूबलाइट बाईच्या पाठीमागे असेल तर तिचीच सावली वहीवर पडते.

मग तास मोजा. हजेरीपटावर वर्ग ६० दिवस भरला म्हणजे १२० तास झाले, पण एखादी त्यातले ३८ दिवसच आली असेल तर तिला ७६ तासच मिळाले. प्रगती तिच्या तासांशी ताडून बघा. जुन्या अभियानात तीन भागांच्या प्रवेशिका मिळून सुमारे २०० तास धरलेले होते. ७६ तासांत ती शब्दांवरून परिच्छेदावर आली असेल तर शिकवणं उत्तम चाललं आहे. अमुक वर्ग पहिला, तमुक चौदावा अशी क्रमवारी लावूच नका.

मात्र गैरहजेरी नुसती वजा करून सोडू नका. सलग पाच दिवस न आलेल्या बाईला फोन गेला का, आणि आल्यावर तिचा बुडालेला भाग कुणी भरून काढला का, हा शिकवण्याच्या गुणवत्तेचाच भाग आहे. पाण्याची वेळ बदलली, मालकिणीने कामाची वेळ बदलली, ही कारणं वर्गाबाहेरची. पण 'सगळे पुढे गेले, मला काही कळेना' हे कारण वर्गातलं असतं. ते बाई ताईला सांगत नाही, पर्यवेक्षिकेला एकटीला सांगते. म्हणून सोडून गेलेल्या दोन जणींच्या घरी दर फेरीत जा. 'ताई छान शिकवते का' असं विचारू नका, त्याला सगळ्या हो म्हणतात. 'शेवटी आलात त्या दिवशी काय शिकवलं होतं, ते जमलं का' असं विचारा.

बोलीबद्दल: लिपी तीच असल्याने पाया एकच राहतो, आणि उल्लासची चाचणी मराठीखेरीज हिंदी, उर्दू अशा माध्यमांतही देता येते. कुठल्या भाषेत शिकायचं हे बाईला विचारलं होतं का, हेच आधी तपासा. मराठीच शिकायची असेल तर वाचून घेताना 'चमचा', 'माझा' यांतले च आणि झ हिंदीसारखे उच्चारले तर ती वाचनाची चूक धरू नका. 'ळ'च्या जागी 'ल' म्हणाली तर बोट कुठल्या अक्षरावर आहे ते बघा. मराठी छपाईतले ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे दिसतात. हिंदी पाटी वाचायची सवय असलेली त्यांवर अडेल. त्यांना ही दोन्ही वळणं शेजारी ठेवून दाखवली आहेत का?

स्वयंसेवकांची भीती खरी आहे आणि तिचा मान राखायला हवा. विद्यार्थी राष्ट्रीय सेवा योजनेतून आले असतील तर त्यांना वर्षाला १२० तास भरायचे असतात, त्यात परीक्षेचा काळ आला की वर्गाला खंड पडतो. अशा मुलांना २५ कलमांचा तक्ता देऊन काही होत नाही. त्याच दिवशी, वर्ग सुटल्यावर, दहा मिनिटं बसा. आधी दिसलेली एक चांगली गोष्ट नेमकी सांगा ('शांताबाई अडल्या तेव्हा तू थांबलीस, त्यांनी स्वतः वाचलं'). मग एकच बदल ठरवा, पुढच्या फेरीपर्यंत तेवढाच. पुढच्या वेळी आधी तोच बघा. बायांसमोर स्वयंसेवकाची चूक काढायची नाही. आणि पर्यवेक्षिकांनी दर तीन महिन्यांनी स्वतः एक तास शिकवून दाखवावा, स्वयंसेवकांनी मागे बसून त्याच नोंदी कराव्यात. तक्त्याची धास्ती त्याने पुष्कळ कमी होते.

वेळेचं गणित जमतं. निरीक्षण ४० मिनिटं, चार जणींचं वाचन प्रत्येकी पाच मिनिटं, वह्या दहा, बोलणं दहा: एका फेरीला ८० मिनिटं. दोघींना सात-सात वर्ग. मात्र सुरुवातीला दोघींनी दोन वर्ग एकत्र बघावेत, वेगवेगळ्या नोंदी करून ताडून पाहाव्यात. 'वाट दाखवली' आणि 'शब्द सांगितला' यांत दोघींचं एकमत होईपर्यंत बाकीचे वर्ग सुरू करू नका.

समन्वयक_गोवंडी

चष्म्यांचं आम्ही मोजलंच नव्हतं. याच आठवड्यात मोजतो. पहिलं पत्रक तयार केलंय, ५० शब्द, जोडाक्षराशिवाय. बघून सांगाल का?

'शोभा पहाटे पाच वाजता उठते. नळाला पाणी येते तेव्हा ती दोन हंडे भरते. मग भाकरी भाजी करून मुलांचे डबे भरते. सात वाजता ती बस पकडते. आज बस उशिरा आली. वाटेत पाऊस लागला. कामावर जायला वीस मिनिटे उशीर झाला. मालकीण रागावली नाही. तिने गरम चहा दिला. शोभा चहा पिऊन कामाला लागली.'

फळा_खडू

छान आहे, वापरा. एक दुरुस्ती: 'तेव्हा'मध्ये 'व्हा' हे जोडाक्षर आहे. 'नळाला पाणी आले की ती दोन हंडे भरते' असं करा, शब्द ५०च राहतात.

'उशिरा' आणि 'उशीर' दोन्ही आलेत ते राहू द्या. वेलांटी बघून वाचते की अंदाजाने, ते तिथे कळेल. 'भाकरी भाजी' शेजारी आहेत हेही चांगलं. आणि 'मालकीण रागावली नाही' हे वाक्य फार कामाचं आहे. उशीर झाला म्हणजे बोलणी बसणारच, असं आपल्या अनुभवावरून धरून 'रागावली' म्हणणाऱ्या निघतील. म्हणून मजकुरात सरळ सापडणारा प्रश्न 'मालकिणीने काय केलं?' हाच ठेवा, आणि जोडून उत्तर द्यायचा 'उशीर कशामुळे झाला?' हा. बस आणि पाऊस दोन्ही सांगितले तर पूर्ण, एकच सांगितलं तर अर्धं.

अक्षर २० पॉइंटचं घ्या, एका ओळीत एकच वाक्य, ओळींत दीड पट अंतर. कागद पांढरा पण चकचकीत नको, ट्यूबलाइटखाली तो चमकतो. आणि मूळ प्रत स्वयंसेवकांकडे ठेवू नका. भल्या हेतूने का होईना, ती फळ्यावर लिहून घेतली जाते, आणि मग मजकूर अनोळखी राहत नाही.